ट्रेलरचं घर, उणे तीसची थंडी आणि गोठलेला नळ : स्कर्टिंग म्हणजे काय, ते कधी आणि कसं करायचं

माझा मामेभाऊ अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या विलिस्टन या गावी टँकर चालवतो. तेलविहिरींवर पाणी पोहोचवायचं काम. तिथल्या त्याच्या पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे पहाट होती. "फजरसाठी उठलो, नळ उघडला, तर थेंब नाही. दिवसभर हजारो लिटर पाणी वाहतो, आणि घरात वजूला पाणी नाही बघ." मामींनी लगेच विचारलं, "टाकी भरायला विसरलास का रे?" टाकी भरलेली होती. पाणी कुठेच गेलं नव्हतं. ते जमिनीच्या खालच्या पाइपातच दगड होऊन बसलं होतं.

खरा फटका चार दिवसांनी बसला. ऊन पडलं, बर्फ सुटला आणि ट्रेलरच्या तळातून पाणी गळायला लागलं. दोन जोड आणि पाण्याचा छोटा पंप फुटला होता. भिजलेलं इन्सुलेशन काढून टाकावं लागलं. दुरुस्तीत पंधरा दिवसांची कमाई गेली आणि तेवढे दिवस तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला. ट्रेलर ज्याने विकला त्याने "चारही ऋतूंत चालतो" असं सांगून विकला होता. ते खोटं नव्हतं, पण उणे तीसच्या रात्री पुरं पडेल इतकं खरंही नव्हतं.

आपल्या कोकणातली, मराठवाड्यातली मुलं पूर्वी दुबई, कुवेत, मस्कतला जायची. आता कॅनडा आणि अमेरिकेतही जातात. ट्रकवर, गोदामात, बांधकामावर काम करणाऱ्यांपैकी काही जण भाडं वाचवायला ट्रेलरमध्ये राहतात. मुलगा "ट्रेलर घेतलाय" म्हणतो, इकडे घरच्यांना वाटतं छान, स्वतःचं घर झालं. हिवाळ्याआधी त्याला काय विचारायचं, हे माहीत नसतं. म्हणून हा लेख.

आधी ट्रेलर म्हणजे काय

हे चाकांवरचं घर. गाडीला जोडून ओढत न्यायचं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास, सगळं असतं. मुळात ते सुट्टीत, उन्हाळ्यात फिरायला जाण्यासाठी बनवलेलं. भिंती पातळ, खिडक्या पातळ, वजन कमी राहावं म्हणून सगळं हलकं. आपल्या घराला जोतं असतं, दगडाचं नाही तर चिऱ्याचं. ट्रेलरला जोतं नाही. तो चाकांवर आणि जॅकवर जमिनीपासून दोन-अडीच फूट वर उभा असतो, आणि खालून वारा आरपार वाहतो. नेमक्या त्या तळातच पाण्याचे पाइप, सांडपाण्याच्या टाक्या आणि त्यांचे व्हॉल्व्ह असतात.

विलिस्टनमध्ये अशा ट्रेलरांची गर्दी झाली ती तेलामुळे. २००८ नंतर तिथल्या बाकेन नावाच्या खडकातून तेल काढण्याचा धडाका सुरू झाला. २०१० च्या जनगणनेत या गावाची वस्ती १४,७१६ होती, २०२० मध्ये ती २९,१६० झाली. माणसं आधी आली, घरं नंतर बांधली गेली. एका खोलीचं भाडं मोठ्या शहरांना लाजवेल असं झालं आणि कामगारांनी सुट्टीतल्या ट्रेलरमध्ये पूर्ण हिवाळा काढायला सुरुवात केली.

(जाता जाता : विलिस्टनच्या पूर्वेला रॉस नावाचं छोटंसं खेडं आहे. तिथे सीरिया-लेबनॉनकडून आलेल्या शेतकऱ्यांनी १९२९ साली मशीद बांधली होती, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींपैकी एक. जुनी इमारत राहिली नाही, २००५ साली त्या जागी नवी छोटी इमारत उभी राहिली. म्हणजे त्या थंडीत आपल्या आधी शंभर वर्षं कुणीतरी फजर पढून गेलं आहे.)

तापमान ऐकताना फसू नका

महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठले की आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. आपली थंडी तिथे संपते. श्रीनगरची माणसं समजू शकतील, चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत तिथेही नळ गोठतात. विलिस्टनला मात्र जानेवारीत रात्री उणे पंधरा-वीस अंश हे नेहमीचं, आणि उणे तीसही दरवर्षी कधी ना कधी येतंच.

अमेरिकेतला मुलगा आकडा सांगतो तो फॅरनहाइटमध्ये. "आज टेन डिग्री आहे" म्हणाला की आपल्याला नागपूरची थंडी आठवते. ते आपले उणे बारा अंश असतात. पाणी गोठतं ते त्यांच्या ३२ वर. त्यांचा शून्य म्हणजे आपले उणे अठरा. उणे चाळीसला मात्र दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात, आणि त्या भागात तोही आकडा अगदीच अनोळखी नाही.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पाइपात एका ठिकाणी बर्फाचा बूच तयार होतो. तो वाढत जातो तसं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं. पाइप फुटतो तो या दाबाने, आणि पुष्कळदा बर्फ जिथे आहे तिथे नाही, थोडा पुढे. हल्लीच्या ट्रेलरमधले प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणतात, पण जोड, व्हॉल्व्ह, पंप, पाण्याचा फिल्टर यांना ताणायची सवय नसते. ते तडकतात. आणि तडकलेलं कळतं कधी? बर्फ वितळल्यावर. म्हणून "नळ सुरू झाला, अल्हम्दुलिल्लाह" म्हणून कामावर निघून जाऊ नये. आधी खाली वाकून, बॅटरी लावून तळ बघावा.

स्कर्टिंग नेमकं काय करतं

कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधतात. झाप काही पाऊस थांबवत नाही, वाऱ्याबरोबर आत येणारी झड थांबवतं. स्कर्टिंग हे ट्रेलरचं झाप. ट्रेलरच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी पडदा किंवा भिंत लावायची, की खालचा वारा बंद.

बऱ्याच जणांचा समज असतो की स्कर्टिंग उष्णता देतं. देत नाही. उष्णता दोन ठिकाणांहून येते. एक, ट्रेलरच्या फरशीतून झिरपणारी घरातली ऊब. दुसरी, जमीन. उन्हाळाभर तापलेली जमीन हवेपेक्षा फार सावकाश गार होते. त्या भागात चार-पाच फूट खाली गेलं तर कडक हिवाळ्यातही माती सहसा गोठलेली नसते. ही ऊब वर येतच असते, पण उघड्या ट्रेलरखालून वारा ती क्षणात पळवून नेतो. वारा अडवला की ती खाली साठते. बाहेर उणे वीस असताना आतल्या पोकळीत पाणी गोठण्याच्या आसपास किंवा थोडं वर तापमान राहू शकतं, आणि पाइपांना तेवढंच हवं असतं.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बातम्यांत "वाऱ्यासह उणे चाळीस" असा आकडा येतो. तो माणसाच्या कातडीला काय वाटेल त्याचा. पाइप हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही. पण वारा असला की तो त्या तापमानाला फार लवकर पोहोचतो. शांत रात्री जो पाइप सकाळपर्यंत तग धरतो तो वादळी रात्री दोन तासांत गोठतो.

यातूनच वेळेचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्कर्टिंग सप्टेंबरमध्ये, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करायचं. जमीन गोठायच्या आधी केलं तर आपण ऊब कोंडतो. डिसेंबरात केलं तर जमीन आधीच गोठलेली असते, म्हणजे आपण थंडी कोंडतो. शिवाय गोठलेल्या जमिनीत खुंटी ठोकता येत नाही, चिकटपट्टी थंड पत्र्याला धरत नाही, आणि उणे दहामध्ये उघड्या हाताने स्क्रू पिळायचं काम कुणालाच जमत नाही. माझ्या भावाने पहिल्या वर्षी पाइप फुटल्यावर, डिसेंबरच्या शेवटी केलं. अर्धवट उपयोग झाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात केलं आणि फरक त्याला स्वतःला दिसला.

कशाचं करायचं

सगळ्यात जास्त वापरला जातो तो निळा किंवा गुलाबी फोमचा तक्ता. दिसायला थर्माकोलचा भाऊ, पण घट्ट, आणि पाणी पीत नाही. चार फूट रुंद, आठ फूट लांब येतो. दोन इंच जाडीचा घ्यावा, एक इंचाने खर्च वाचतो पण काम अर्धं होतं. हिशोब सोपा आहे. ट्रेलर तीस फूट लांब, आठ फूट रुंद असेल तर चारी बाजू मिळून ७६ फूट. उंची दोन फूट असेल तर एक तक्ता उभा चिरून दोन पट्ट्या निघतात, म्हणजे १६ फूट काम झालं. पाच तक्त्यांत ट्रेलर पूर्ण होतो. कापायला साधा कटर पुरतो. सांध्यांवर चंदेरी फॉइलची टेप लावायची आणि आतून लाकडाच्या पट्ट्यांचा आधार द्यायचा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात तक्ता शेजाऱ्याच्या अंगणात जातो. हा फोम पेट घेतो, हे लक्षात ठेवायचं. त्याविषयी पुढे.

दुसरा प्रकार जाड विनाइल कापडाचा. मापाप्रमाणे शिवून मिळतो, बटणांनी अडकतो, वर्षानुवर्षं टिकतो, पण महाग. कापड वारा अडवतं, ऊब फार धरत नाही, म्हणून कडक थंडीत काही जण त्याच्या आत फोमचा तक्ताही लावतात. जाहिरातीचे जुने फ्लेक्स वापरणारेही आहेत. स्वस्तात काम होतं, फक्त खालची कड वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवावी लागते.

तिसरा प्रकार जुना, शेतकऱ्यांचा. त्या मैदानी भागात घराच्या पायाशी पेंढ्याचे गठ्ठे आणि माती लोटून हिवाळा काढायची पद्धत पूर्वीपासून होती. ट्रेलरलाही लोक पेंढ्याचे गठ्ठे लावतात. ऊब उत्तम. पण पेंढा भिजला की कुजतो, उंदीर त्यात संसार थाटतात आणि वर चढून वायर कुरतडतात, आणि एक ठिणगी पुरते. काही ट्रेलर पार्कमध्ये त्याला मनाई असते. मी तरी माझ्या माणसाला पेंढा लावू देणार नाही.

कशाचंही करा, पट्टी जमिनीला टेकली पाहिजे. दोन इंचाची फट राहिली तर वारा तिथून जोराने घुसतो आणि नेमका जवळच्या पाइपावर आदळतो. जमीन उंचसखल असेल तिथे माती नाहीतर वाळूच्या पिशव्या लावायच्या. बर्फ पडू लागला की तोच स्कर्टिंगच्या बाहेरून दोन फूट लोटून द्यायचा. बर्फासारखं फुकटचं इन्सुलेशन नाही. आत जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं तर मातीचा ओलावा वर येऊन ट्रेलरच्या तळाला बुरशी धरत नाही. आणि टाक्यांच्या व्हॉल्व्हसमोर एक छोटं दार ठेवायला विसरू नका. हे विसरणारे इतके असतात की गंमत वाटते. चारी बाजू पक्क्या करून झाल्यावर माणसाला आठवतं की टाकी रिकामी करायची राहिली.

काय झाकायचं नाही

इथे मात्र गंमत संपते. ट्रेलरमध्ये हीटर, गीझर आणि शेगडी सहसा प्रोपेन गॅसवर चालतात. हीटरचा धूर बाहेर टाकणारं नळकांडं ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीवर असतं आणि ते चांगलंच तापतं. त्याच्यावर किंवा त्याच्या जवळ फोम, कापड, पेंढा, काहीही येता कामा नये. वादळानंतर त्याच्या तोंडाशी बर्फ साचला असेल तर आधी तो काढायचा. तोंड बंद झालं तर कार्बन मोनॉक्साइड आत फिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. ट्रेलरमध्ये त्याचा अलार्म असतो. त्याची बॅटरी चालू आहे का, एवढं तरी फोनवर जरूर विचारा.

दुसरं म्हणजे प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, खाली उतरतो आणि स्कर्टिंगच्या आत साठू शकतो. म्हणून गॅसच्या टाक्या स्कर्टिंगच्या बाहेर ठेवायच्या, आणि तळाशी दोन बाजूंना हाताएवढी, जाळी लावलेली झडप ठेवायची. कडक रात्री ती झाकता येते, पण वास आला की आधी ती उघडायची. (आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतो, म्हणून तिकडे तोच वापरतात. तरीही उणे तीसला त्याचा दाब इतका उतरतो की हीटर कुरकुरायला लागतो.)

तिसरं, स्कर्टिंगच्या आत गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर पेटवून ठेवणं. "फक्त आजची रात्र" म्हणून लोक करतात. फोम, बंद जागा, ज्योत आणि वर झोपलेली माणसं, यापुढे सांगायला नको. जनरेटर किंवा गाडीचं इंजिनही ट्रेलरला चिकटून चालू ठेवायचं नाही. खाली ऊब हवीच असेल तर तेल भरलेला विजेचा छोटा रेडिएटर, सपाट जागेवर, फोमपासून लांब, आणि तापमान शून्याजवळ आलं की आपोआप चालू होणारा प्लग. तोही योग्य जाडीच्या वायरवर, केसासारख्या बारीक एक्स्टेन्शनवर नाही.

विजेच्या हीटरची चूक

माझ्या भावाचा पाइप गोठला तो खरं तर काटकसरीमुळे. गॅस महाग पडतो म्हणून त्याने खोलीत विजेचा हीटर लावला होता. खोली मस्त गरम. पण "चारही ऋतूंच्या" ट्रेलरमध्ये तळाला ऊब मिळते ती गॅसच्या हीटरच्या नळीतून येणाऱ्या गरम हवेने. खोली विजेने तापली, थर्मोस्टॅटला वाटलं सगळं ठीक आहे, गॅसचा हीटर रात्रभर सुरूच झाला नाही. वर माणूस उबेत आणि खाली पाइप उघड्यावर. विजेचा हीटर वापरायला हरकत नाही, पण कडक थंडीच्या रात्री गॅसचा हीटर अधूनमधून सुरू होईल असा थर्मोस्टॅट ठेवायचा. सिंकखालच्या कपाटांची दारंही रात्री उघडी ठेवावीत.

अशीच फसवणारी दुसरी सूचना म्हणजे "नळ थेंब थेंब चालू ठेवा". पक्क्या घरात ती बरोबर आहे. ट्रेलरमध्ये सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर ते थेंब बाहेरच्या नळीत जाऊन थरावर थर गोठतात आणि सकाळी नळी म्हणजे बर्फाची काठी झालेली असते. व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, टाकी बरीचशी भरली की एकदाच उघडायची, म्हणजे लोंढा जोराने निघून जातो. संडासच्या टाकीला तर हा नियम बाराही महिने लागू आहे.

बाहेरच्या नळापासून येणारी पाण्याची नळी स्कर्टिंगने वाचत नाही, कारण ती बाहेर असते. तिच्यासाठी आतून वीज फिरवलेली गरम नळी मिळते. नाहीतर साधा मार्ग, जो माझा भाऊ आता वापरतो : आठवड्यातून एकदा ट्रेलरमधली टाकी भरायची, नळी काढून, पाणी झटकून आत ठेवायची आणि पंपावर पाणी वापरायचं. जपून वापरलं तर एका माणसाला आठवडाभर पुरतं.

घर बंद करून बसलं की आत दमट होतं, हेही तिकडचे सगळे सांगतात. भात शिजवला, आंघोळ केली, दोन माणसं रात्रभर श्वास घेत झोपली की खिडक्यांवर पाणी, मग बर्फ, मग गाद्यांखाली काळी बुरशी. छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. ऊब थोडी जाते, जाऊ द्यावी.

तरीही गोठलं तर

आधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह किंवा पंप बंद. मग जो नळ गोठलाय तो उघडा ठेवायचा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला वाट मिळते. केस वाळवायच्या ड्रायरने नळाच्या बाजूकडून सुरुवात करून हळूहळू गोठलेल्या भागाकडे जायचं. मधूनच तापवलं तर दोन बुचांच्या मध्ये पाणी अडकतं. आगीची ज्योत, टॉर्च, उकळतं पाणी वापरायचं नाही, प्लॅस्टिकचे पाइप वाकडे होतात. पाणी आलं की पंप सुरू करून तळाशी जाऊन अर्धा तास बघत बसायचं, कुठे थेंब दिसतो का.

आता त्याने स्कर्टिंगच्या आत, पाइपांजवळ दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर टांगलाय. त्याचा आकडा आत स्वयंपाकघरात दिसतो. मामी दर शुक्रवारी जेवलास का विचारायच्या आधी विचारतात, "खालचा काटा किती आहे?" मागच्या आठवड्यात बाहेर उणे २४ होतं. खाली तीन.